कुंडीतल्या गोळ्या

गंभीर आजार कसा दिसतो, हे आमच्या घराने प्रथम टीव्हीवर पाहिले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. धाकटी बहीण अजून जन्मायची होती. संध्याकाळच्या धारा काढून झाल्या, डेअरीला दूध घालून झाले, की आई हात पुसत येऊन बसे आणि पुढचा अर्धा तास अवसरीतल्या आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मालिका हिंदी होती. सोळा वर्षांची एक मुलगी, तिला रक्ताचा कसलासा आजार, मोठे घर, पांढरे पडदे आणि पलंगाशेजारी कायम कापून ठेवलेले सफरचंद. त्या आजाराला नाव असणार; पण डॉक्टर ते उच्चारू लागले की नेमकी वीज कडाडे, त्यामुळे ते आम्हाला शेवटपर्यंत नीट ऐकू आले नाही.

त्यातला एक प्रसंग मला स्वच्छ आठवतो. मुलगी उपचारांना कंटाळते. आई पाणी आणायला वळली की ती गोळी जिभेखाली धरून ठेवते आणि नंतर खिडकीतल्या कुंडीत पुरते. काही दिवस ती हसते, जेवते, सगळ्यांना बरी वाटते. मग एका दुपारी जिन्यावरून कोसळते. माळी कुंडी उलटी करतो आणि मातीतून मूठभर गोळ्या बाहेर पडतात. आमची आई तेव्हा पदर तोंडाला लावून रडली होती. शेजारच्या काकू टीव्हीला उद्देशून म्हणाल्या होत्या, "अगं भवाने, आईबापाचा इच्यार तरी करायचा!" मी रडले नाही. रोज पाणी घातलेल्या मातीत गोळ्या विरघळल्या कशा नाहीत, हा प्रश्न मला पडला होता. तो मी मोठ्याने विचारला आणि धपाटा खाल्ला.

धाकटी अकरा वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. उतारवयात होतो तो नव्हे. ज्यात शरीर इन्सुलिन तयार करणेच थांबवते, तो. रोज इंजेक्शन, आयुष्यभर. ते बंद पडले तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी आई-वडिलांना समोर बसवून सांगितले होते. आईला आजारी मुलीची सेवा करण्याचा एकच नमुना ठाऊक होता. तिने आपली जुनी पांढरी साडी फाडून खिडकीला पडदा लावला, घरात हळू आवाजात बोलायला सुरुवात केली आणि पहिल्याच सकाळी सफरचंद कापून पलंगाशेजारी ठेवले. धाकटी उठून बसली आणि म्हणाली, "आई, मी काय मरायला टेकले नाय. मला भाकरी दे. आन् ह्यात साखर असते."

दोन महिन्यांत ती स्वतःची इंजेक्शने स्वतः घ्यायला शिकली. बाटली तळहातांत फिरवायची, म्हणजे तळाशी बसलेले औषध दुधासारखे एकजीव होते. मग सिरिंज भरायची, पोटाची कातडी चिमटीत धरायची, टोचायचे. मी पुण्याला जीवरसायनशास्त्र शिकत होते, त्यामुळे घरात या आजाराबाबतचा शेवटचा शब्द माझा असे. काहीही झाले की आई मला फोन करी. मी प्रयोगशाळेच्या बाहेर येऊन उत्तर देई आणि पुन्हा आत जाई. या व्यवस्थेचा मला अभिमान होता.

ज्या एप्रिलबद्दल मी लिहिते आहे, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. एम. एस्सी. होऊन एका प्रयोगशाळेत काम करत होते आणि बंगळूरला पीएच. डी.च्या प्रवेशाची मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती. शांतपणे अभ्यास व्हावा म्हणून रजा घेऊन मी गावी आले. धाकटी नववीतून दहावीत गेली होती. सकाळी जादा तासांना शाळेत जाई आणि दुपारी पडवीतल्या खाटेवर फोन घेऊन पडे. ती जुनी मालिका कोणीतरी फोनवर पाहता येईल अशी सगळीच्या सगळी चढवली होती. आईने आयुष्यभर सांगितलेली ती गोष्ट धाकटी आता पहिल्या भागापासून बघत होती.

आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी तिची साखर तपासली. दोनशे सत्त्याऐंशी.

"रात्री काय खाल्लंस?"

"तू खाल्लंस तेच."

"इंजेक्शन?"

"घेतलं की."

दुसऱ्या दिवशी तीनशे दहा. तिसऱ्या दिवशी तीनशे बत्तीस. ती सारखी पाणी पीत होती, रात्री दोन-दोनदा उठून बाहेर जात होती, गाल आत गेले होते. मी तिची नोंदवही मागून घेतली. मागच्या दहा-बारा दिवसांतले आकडे पायरीपायरीने चढत गेले होते. असा चढ आपोआप येत नाही, त्याला कारण असते. आणि कारण शोधणे हे माझे शिक्षण होते.

"ताई, औषधच बघ ना एकदा," तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली. "फुटलेल्या दुधासारखं दिसतंय."

मी तिच्या हातातून बाटली घेतली. तळहातांत वीसदा फिरवली. औषध पांढरे झाले, पण काचेला आतून बारीक कण चिकटून राहिल्यासारखे वाटले. "तू नीट फिरवत नाहीस," मी म्हणाले आणि बाटली फ्रिजच्या दारात ठेवून दिली.

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा तपासले आहे. तिने मला निरीक्षण दिले होते. मी त्याला सबब समजले, कारण तोपर्यंत उत्तर माझ्याजवळ तयार होते.

ते उत्तर मला त्याच दुपारी मिळाले होते. मी पडवीत गेले तेव्हा ती खाटेवर पालथी पडून मालिका बघत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिले. पडद्यावर खिडकी होती, कुंडी होती, आणि सोळा वर्षांचे दोन हात मातीत गोळी दाबत होते. धाकटी हसत होती. माझी चाहूल लागताच तिने फोन उलटा केला.

आजाराला कंटाळलेली मुलगी, चढती साखर, तो प्रसंग, ते हसणे आणि तो उलटा केलेला फोन. पाच गोष्टी एका रेषेत आल्या. एवढी सरळ रेष प्रयोगशाळेत मिळाली असती तर मला शंका आली असती. घरात आली नाही.

मी पुरावा गोळा करायला लागले. वापरलेल्या सिरिंज ती एका बंद डब्यात टाकत असे, त्या मोजल्या. संख्या बरोबर होती. पण रिकाम्या सिरिंजवरून औषध कुठे गेले ते कळत नाही; ते गादीत टोचता येते, मातीत सोडता येते. इन्सुलिनला दवाखान्यासारखा उग्र वास असतो. ती शाळेत गेल्यावर मी तिची गादी कोपऱ्याकोपऱ्यातून हुंगली. मग अंगणातल्या तुळशीची माती बोटाने उकरून हुंगली.

"तुळशीत काय हुडकतीस गं?" आई गोठ्याच्या दारातून म्हणाली.

मी तेव्हा काही बोलायला नको होते. काही सापडले नव्हते. पण मी बोलले. मालिका, कुंडी, आकडे, सगळे क्रमाने मांडले. आई तिथेच शेणाच्या पाटीवर हात टेकून खाली बसली.

"कुंडीत! त्या पोरीवानी!" ती म्हणाली. "म्हनूनच रोज बघत बसती. मला वाटलं, हौस म्हनून बघती."

आईला पटवायला मला एक मिनिटही लागले नाही. सोळा-सतरा वर्षांपूर्वी त्या मालिकेने तिला आधीच पटवून ठेवले होते.

धाकटी शाळेतून आली तेव्हा आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. आईने हात पुढे केला. "फोन दे."

"का?"

"दे म्हनते ना."

मी शक्य तितक्या शांतपणे बोलले. रागावणार नाही, फक्त खरे सांग, म्हणाले. तिने ऐकून घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सिरिंजा मोज."

"मोजल्या. बरोबर आहेत. त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"मग कशावरून होतं?"

"साखरेवरून."

"साखर तर मीच लिहिलीय वहीत. लपवायचं असतं तर खोटी लिहिली नसती?"

मी थेट निर्णय सांगितला: आजपासून इंजेक्शन मी देणार. चार वर्षे ती स्वतः घेत होती. एकदाही चुकल्याचे कोणाला आठवत नव्हते. तिने सदरा वर केला आणि तोंड भिंतीकडे वळवले. मी नेहमीपेक्षा दोन युनिटे वाढवून दिली. सुई पूर्ण आत गेली, औषध पूर्ण आत गेले. हे मी डोळ्यांनी पाहिले.

इंजेक्शनापूर्वी साखर तीनशे एक्केचाळीस होती. दोन तासांनी तीनशे अडतीस. सकाळी तीनशे बासष्ट.

इथे माझे गृहीतक मोडायला हवे होते. संशयिताचा हात लागलेला नाही, तरी परिणाम तोच; याचा अर्थ कारण दुसरीकडे आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळेल. पण मी गृहीतक मोडले नाही, त्याला ठिगळ लावले. ती चोरून गोड खात असणार.

मी आत्याला फोन केला. आत्या गावातच राहते आणि धाकटी तिच्याकडे सारखी जाते. "तुमच्याकडं काही खाते का ती? गूळ, आंबा, काही?"

"माझ्याकडं चहासुदिक बिनसाखरेचा पिती. का गं? काय झालं?"

मी काय झाले ते सांगितले.

"आगं बाई! टीव्ही बघून? तरी मी तुझ्या आयला म्हनत व्हते, पोरीच्या हातात फोन देऊ नको!"

मग मी तिच्या वर्गशिक्षिकांना फोन केला आणि शाळेत तिच्यावर लक्ष ठेवायची विनंती केली. संध्याकाळी वडील, आमचे तात्या, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून परत आले, त्यांनाही सांगितले. ते चूळ भरता भरता थांबले. "आसं करील व्हय ती?" एवढेच म्हणाले, आणि बराच वेळ बाहेरच उभे राहिले. त्या घरात तोवर फक्त त्यांनी ते वाक्य प्रश्न म्हणून उच्चारले होते.

रात्रीच्या इंजेक्शनानंतरही आकडा हलला नाही. सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी तिचे दप्तर उघडले. आतल्या कप्प्यात चार गोळ्या सापडल्या, संत्र्याच्या, चकचकीत कागदातल्या. मी त्या मुठीत घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी राहिले. केस टिपत ती बाहेर आली आणि माझ्या हाताकडे पाहत राहिली.

"हे काय आहे?" मी विचारले.

"साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायच्या गोळ्या." ती म्हणाली. "तूच ठेवायला सांगितल्यास. चार वर्षं झाली. दर महिन्याला मोजून मला विचारायचीस, आहेत ना म्हणून."

ते खरे होते. मी गोळ्या पुन्हा कप्प्यात ठेवल्या. क्षमा मात्र मागितली नाही. आकडा अजून तसाच होता, आणि आकडा माझ्या बाजूने आहे असे मला वाटत होते.

ती शाळेत गेली. मी मुलाखतीचे पुस्तक उघडले. प्रथिनाचा रेणू कसा घडीघडीने दुमडलेला असतो, घडी बिघडली की रेणू असूनही तो कामाचा कसा राहत नाही, हे प्रकरण मी त्या सकाळी वाचले आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढल्या. इन्सुलिनही प्रथिनच आहे. माझ्या खुर्चीपासून फ्रिज आठ पावलांवर होता.

अकराच्या सुमारास ती वर्गातल्या एका मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून परत आली. पायरीवरच ओकली. मी तिला उचलायला वाकले आणि तिच्या श्वासाचा वास आला: अतिपिकलेल्या फळासारखा, त्यात नखांचा रंग पुसायच्या औषधासारखी एक झाक. श्वास खोल होता, भराभर, पळून आल्यासारखा. शरीराला साखर वापरता येत नाही, म्हणून ते चरबी जाळायला लागते आणि रक्त आंबट होत जाते. पुस्तकात ही अवस्था मी अनेकदा वाचली होती. बोट टोचले. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. त्याच्या मोजण्यापलीकडे साखर गेली की इंग्रजीत दोन अक्षरे येतात, ती आली.

"आई, गाडी बघ. मंचरला न्यायचं. आत्ताच्या आत्ता."

वडील शेतात होते. पलीकडच्या घरासमोर कांद्याची रिकामी पिकअप उभी होती. चालवणारा जेवायला बसला होता, तो हात न धुता उठला. धाकटीला पुढच्या बाकावर आईच्या मांडीवर डोके देऊन निजवले, मी पायांशी अवघडून बसले.

"घाबरू नका ताई, धा मिंटात मंचर," तो म्हणाला आणि गाडी काढली.

निघताना आईने स्टीलचा एक डबा बरोबर घेतला होता. तिने तो माझ्याकडे दिला. "औषध हाय त्यात. डाक्टर इचारतील." डबा हाताला बर्फासारखा लागला. मी झाकण काढले. आत बर्फाचा चुरा होता आणि चुऱ्यात इन्सुलिनच्या तिन्ही बाटल्या उभ्या रोवलेल्या होत्या.

"आई, हे बर्फात का?"

"बर्फातच तर असतंय."

"फ्रिजच्या दारात असतंय. मी रोज तिथून घेते."

"ते सकाळ-संध्याकाळ. दुपारची लाइट जाती न्हाई का? ऊन लई. म्हनून शाळेची येळ झाली की मी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठिवते. लाइट आली की काढून खाली." ती धाकटीच्या केसांतून हात फिरवत होती आणि स्वतःच्या व्यवस्थेबद्दल तिच्या आवाजात थोडे समाधान होते. "गाईचा डाक्टर ती टाकी आनतो, बघितली न्हाईस का? झाकान काढलं की धूर निघतो, येवढं गार. त्यात वळूच्या बीजाच्या कांड्या वर्षं वर्षं जित्त्या ऱ्हात्यात. मी त्याला इचारलं बी व्हतं. म्हनला, गारव्यात औषद मरत न्हाई. आन् तू बी फोनवर तेच सांगितलंस."

"मी काय सांगितलं?"

"गेल्या म्हैन्यात. मी इचारलं, ऊन वाढलंय, औषदाचं काय करू? तू म्हनलीस, जेवढं थंड तेवढं बरं."

मला तो फोन आठवला. मी तेव्हा प्रयोगशाळेतल्या अतिशीत कपाटासमोर उभी होते. आम्ही तिथे प्रथिने उणे ऐंशी अंशांवर ठेवतो, पण ती गोठताना बिघडू नयेत म्हणून त्यांत संरक्षक द्रव मिसळून. इन्सुलिनच्या बाटलीत तसे काही नसते. ते एकदा गोठले की संपले. वितळल्यावर पाण्यासारखे वाहते, सुईतून जाते, कातडीखाली शिरते, आणि काहीही करत नाही. हे मला माहीत होते. परीक्षेत कोणी विचारले असते तर मी पूर्ण गुण मिळवले असते. आईला सांगताना मी चार शब्द बोलले, कारण मला आत जायची घाई होती.

मी एक बाटली पुसून काचेसमोर उन्हात धरली. आतून पांढरे कण चिकटलेले होते, दही लागलेल्या भांड्यासारखे. ते दिसायला एवढ्या उजेडाची गरज नव्हती. धाकटीला ते संध्याकाळच्या अंधुक दिव्यातही दिसले होते.

मी खाली पाहिले. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. तिने ऐकले की नाही, कळले नाही. श्वास तसाच चालू होता, खोल आणि भराभर, आणि मी तो मोजत होते, कारण दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर होते. त्यांनी तिला तपासत तपासतच विचारले, "डोस चुकवला का? या वयाची मुलं चुकवतात."

आईने पदर डोळ्यांना लावला. "ती मालिका बघून, सायेब, ती पोरगी कुंडीत..."

"नाही," मी म्हणाले. "एकही डोस चुकला नाही. औषध गोठलेलं होतं. दोन आठवडे तिला मेलेलं इन्सुलिन मिळतंय. मी सांगितल्यामुळे."

डॉक्टरांनी बाटली दिव्याकडे धरली, माझ्याकडे पाहिले, आणि बाटली ट्रेमध्ये टाकली. "उन्हात राहिलेलं बघतो मी. गोठवलेलं फार नाही येत," ते म्हणाले आणि कामाला लागले. सलाइन सुरू झाले, त्यांच्याकडच्या ताज्या बाटलीतले इन्सुलिन थेंबाथेंबाने शिरेत जाऊ लागले. पहिले काही तास अवघड आहेत, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. साखर फार वेगाने उतरूनही चालत नाही, पोटॅशियम सांभाळावे लागते. शिकलेली म्हणून मला सांगितले. मला ते सगळे समजत होते, आणि समजण्याचा काही उपयोग नव्हता.

आई बाकावर बसली होती. गाडीत तिला न समजलेले आता हळूहळू समजत होते. "म्हंजी मीच..." ती म्हणाली.

"तू नाही. मी सांगितलं ते तू केलंस."

"मी रोज हातानं उचलून ठिवलं गं. रोज." तिने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने वडील आले. त्यांना मी सांगितले. ते आईशेजारी जाऊन बसले.

दर तासाला परिचारिका बोट टोचे. चारशे ऐंशी. चारशे बावीस. तीनशे साठ. अडीच वाजता दोनशे नव्वद. गेल्या सहा दिवसांत मी दिलेल्या, तिने घेतलेल्या एकाही इंजेक्शनाने जे झाले नव्हते, ते आता डोळ्यांदेखत होत होते. प्रत्येक उतरणारा आकडा तिच्या बाजूने साक्ष देत होता. मी त्या नोंदवहीच्याच पुढच्या पानावर ते लिहीत गेले. तिच्या टपोऱ्या अक्षराखाली माझे बारीक अक्षर आले. चारच्या सुमारास श्वास संथ झाला आणि डॉक्टर प्रथमच खुर्चीवर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उशीला टेकून बसली. ओठ सुकलेले होते, पण नजर ताळ्यावर होती. आई खाली चहा आणायला गेली होती.

"गाडीत ऐकलं मी," ती म्हणाली.

"चूक माझी आहे. औषधाची, आणि नंतरचीही."

"नंतरचीच मोठी." ती म्हणाली. "औषधाचं कोणालाही झालं असतं."

मी विचारले, मग तू ती मालिका का बघत होतीस, आणि हसत का होतीस. खरे तर हा प्रश्न मी चार दिवसांपूर्वी विचारायला हवा होता.

"मोजत होते," ती म्हणाली. "त्या मुलीला कोणी स्वतःहून विचारतं का, की बाई, तुला काय होतंय? सगळे डॉक्टरला विचारतात. आईला विचारतात. एकजण तर देवाला विचारतो, पाच मिनिटं. तिला कोणीच विचारत नाही. सतरा भाग झाले, ताई. मी म्हटलं, आता कुंडीपाशी तरी कोणी विचारेल, का गं पुरतेस? तर आईच्या गोष्टीतला तो माळी आठवला, तो येऊन कुंडीच उलटी करतो. हसू नाही येणार?"

मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"फोन का उलटा केलास, तेपण विचार."

"का केलास?"

"तू मागून आलीस ना की मला वाटतं, साखर तपासायला आलीस. म्हणून." मग ती म्हणाली, "कोणाकोणाला सांगितलंस?"

"आईला. तात्यांना. आत्याला. तुझ्या बाईंना."

"आई आणि तात्यांना खरं कळलं. बाकीच्यांना कर फोन. इथूनच. मला ऐकू येईल असा."

आत्याला पहिला लावला आणि आवाज मोठा केला. मी सगळे सांगितले: धाकटीने एकही इंजेक्शन चुकवले नव्हते, औषध बर्फाने बिघडले होते, सांगण्यात चूक माझी होती.

"म्हंजी ती मालिका बघत नव्हती?"

"बघत होती, आत्या. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"आसं कसं? मी तर सगळ्या आळीत सांगितलं." आत्याच्या आवाजात अपराधापेक्षा गैरसोय जास्त होती. "आता परत सांगायचं म्हंजी..."

"परत सांगा," मी म्हणाले.

"बरं बाई. सांगते. पोरीला म्हनावं, आत्या उद्या येती बघायला. काय आणू तिला?"

"भाकरी!" धाकटी उशीवरून ओरडली, आणि खोकली.

मग वर्गशिक्षिका. त्यांनी आपुलकीने ऐकून घेतले, मध्ये मध्ये "अरे बापरे" म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बहीण म्हणून तिची बाजू घेताय, ते मी समजू शकते. वयच तसं असतं. आम्ही लक्ष ठेवूच, काळजी करू नका." आणि घंटा झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसले. दोन दिवसांपूर्वी याच बाईंना पटवायला मला दोन मिनिटे लागली होती.

"त्यांना पटलं नाही," धाकटी म्हणाली.

"नाही."

"मला पुढचं वर्षभर त्यांच्याच वर्गात बसायचंय."

"हो."

"मग तास संपला की परत लाव. आणि या वेळी बहीण म्हणून नको सांगू. ते फ्रीझरचं, कणांचं, तुझ्या हातच्या इंजेक्शनाचं, आकड्यांसकट सांग. जसं माझ्याविरुद्ध सांगितलं होतंस तसं."

तास चाळीस मिनिटांचा होता. मी नोंदवही मांडीवर घेतली, सहा दिवसांचे आकडे एका बाजूला लिहिले, हॉस्पिटलमधले दुसऱ्या बाजूला, आणि घड्याळाकडे बघत बसले. चाळिसाव्या मिनिटाला मी पुन्हा नंबर लावला.